एक नाव, दोन पाठ : विज्ञानकथा-मालिकेच्या एका भागाची निर्मितिप्रक्रिया आणि लेखकत्वाचा प्रश्न

१

१९६८ साली अमेरिकेत एकाच शीर्षकाला दोन महत्त्वाची पारितोषिके मिळाली. रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका या लेखकांच्या व्यावसायिक संघटनेने हार्लन एलिसन यांना ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ या दूरचित्रवाणी-पटकथेबद्दल गौरविले. विज्ञानसाहित्याच्या जागतिक संमेलनाच्या सदस्यांच्या मतदानाने दिले जाणारे ह्यूगो पारितोषिकही त्याच वर्षी त्याच शीर्षकाला लाभले. वरवर पाहता हा एका कृतीचा दुहेरी सन्मान होता. प्रत्यक्षात लेखकसंघाने गौरविलेली संहिता त्या रूपात पडद्यावर कधीच आली नव्हती, आणि ह्यूगोच्या मतदारांनी पाहिलेला भाग एलिसन यांनी त्या रूपात कधीच लिहिला नव्हता. शीर्षक एक, लेखकनाम एक. कृती मात्र दोन.

या दोन कृतींमधील अंतर कसे पडले याची हकीगत विज्ञानकथांच्या रसिकवर्तुळात दीर्घकाळ चघळली गेली आहे. परंतु तिचे स्वरूप बहुधा भांडणाच्या वृत्तान्ताचे राहिले : एका बाजूला प्रतिभावंत पण हट्टी लेखक, दुसऱ्या बाजूला व्यवहारी पण हस्तक्षेप करणारा निर्माता. कोणाची बाजू खरी, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने गौण आहे. निर्मितिप्रक्रियेतील प्रत्येक बदलाने कृतीच्या अर्थव्यूहात काय घडवले आणि त्या बदलांचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. लेखकाच्या मृत्यूची घोषणा ज्या साली झाली, त्याच साली हा भाग प्रक्षेपित झाला, हा योगायोगही या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे.

२

‘स्टार ट्रेक’ ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी या वाहिनीवरून प्रक्षेपित झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी. निर्मिती डेसिलू स्टुडिओची. भविष्यकाळातील ‘एन्टरप्राइझ’ हे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, अर्धा मानव व अर्धा परग्रहवासी असा तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय ही तिची स्थिर पात्रे. प्रस्तुत भाग पहिल्या वर्षातील अठ्ठाविसावा. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. प्रक्षेपण ६ एप्रिल १९६७.

प्रक्षेपित भागाचे कथानक थोडक्यात असे. अपघाताने औषधाची अतिरिक्त मात्रा टोचली गेल्यामुळे भ्रमिष्ट झालेला मॅकॉय एका उजाड ग्रहावर उतरतो. तेथे भूतकाळात जाण्याचे एक प्राचीन, बोलणारे द्वार आहे. त्यातून तो पलीकडे जातो आणि इतिहास असा काही बदलतो की एन्टरप्राइझ अस्तित्वातच राहत नाही. त्याच्या शोधात कर्क आणि स्पॉक १९३० मधील, आर्थिक मंदीने ग्रासलेल्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. तेथे निराधारांसाठी अन्नछत्र चालविणाऱ्या ईडिथ कीलर या स्त्रीवर कर्कचे प्रेम बसते. पुढे उलगडते ते असे : ईडिथचा रस्त्यावरील अपघातात मृत्यू व्हायला हवा होता, मॅकॉय तिला वाचवतो आणि म्हणून इतिहास बदलतो. ती जगली तर तिच्या शांतताचळवळीमुळे अमेरिकेचा दुसऱ्या महायुद्धातील प्रवेश लांबणार, जर्मनीला अणुबॉम्ब आधी लाभणार आणि जगाचे भवितव्य पालटणार. अखेरच्या क्षणी धावत्या मॅकॉयला कर्क स्वतःच घट्ट धरून ठेवतो आणि ईडिथ ट्रकखाली सापडते.

एलिसन यांच्या मूळ संहितेत यातील बरेच काही वेगळे आहे. भूतकाळात पळून जाणारा माणूस डॉक्टर नसून यानावर मादक पदार्थांचा चोरटा व्यापार करणारा आणि सहकाऱ्याचा खून केलेला बेकविथ नावाचा अधिकारी आहे. काळाचे द्वार राखणारे संरक्षक अनेक आहेत. इतिहास बदलल्यावर यान नाहीसे होत नाही. त्याच्या जागी चाचेगिरी करणाऱ्यांचे जहाज उभे राहते. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ‘ट्रूपर’ नावाचा एक पात्रविशेष भेटतो : पहिल्या महायुद्धातून पाय गमावून परतलेला, विपन्न सैनिक. आणि सर्वांत महत्त्वाचा भेद शेवटाचा. ईडिथला वाचवायला धावतो तो खुनी बेकविथ; त्याला अडवतो स्पॉक; कर्क मात्र कर्तव्य करू शकत नाही. प्रेमापुढे त्याची इच्छाशक्ती थिजते.

१९६६ च्या पूर्वार्धात एलिसन यांनी ही संहिता लिहायला घेतली, आणि चित्रीकरण झाले १९६७ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात एलिसन यांनी स्वतः पुनर्लेखन केले. त्यानंतर स्टीव्हन काराबात्सोस, जीन कून, डी. सी. फोन्टाना आणि शेवटी स्वतः रॉडनबेरी यांचे हात या संहितेवरून फिरले. श्रेयनामावलीत मात्र लेखक म्हणून एकट्या एलिसन यांचे नाव राहिले.

३

या बदलांमागील पहिले कारण आर्थिक होते, आणि ते कारण साहित्यबाह्य म्हणून बाजूला सारता येत नाही. पहिल्या वर्षातील सर्वसाधारण भागाचा खर्च दोन लाख डॉलरांच्या आत राही. पुनर्लेखनानंतरही या भागाला सुमारे अडीच लाख डॉलर लागले. मालिकेचे दोन पथदर्शी भाग वगळता पहिल्या वर्षातील हा सर्वांत महागडा भाग ठरला. चाच्यांचे जहाज दाखवायचे म्हणजे नवे नट, नवे पोशाख आणि पालटलेली यानाची अंतर्रचना. त्याऐवजी प्रक्षेपित भागात काय आहे? संपर्क साधण्याचा एक प्रयत्न, आणि पलीकडून काहीच उत्तर न येणे. ओसाड ग्रहावर उभ्या असलेल्या मूठभर माणसांना कळते की वर आकाशात आता कोणीही नाही.

काटकसरीतून आलेली ही शांतता अर्थदृष्ट्या मूळ कल्पनेहून अधिक समर्थ आहे. चाच्यांचे जहाज म्हणजे एक पर्यायी इतिहास. त्याच्याशी लढता येते, निदान त्याचे वर्णन तरी करता येते. अभावाशी लढता येत नाही. एकाच क्षणात संपूर्ण जग नाहीसे होण्याचा अनुभव प्रेक्षकापर्यंत पोहोचतो तो काही न दाखवल्यामुळे. येथे अंदाजपत्रकाची मर्यादा रूपाचे तत्त्व बनते. नाट्यसमीक्षेला ही गोष्ट नवी नाही. नेपथ्याच्या अभावातून निर्माण होणारी सूचकता रंगभूमीच्या अभ्यासकांना परिचित आहे. दूरचित्रवाणीच्या संहितेकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

खर्चाचा दुसरा परिणाम न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दिसतो. १९३० चे न्यूयॉर्क उभे करण्यासाठी कल्व्हर सिटी येथील ‘फॉर्टी एकर्स’ या स्टुडिओच्या मोकळ्या आवारातील तयार रस्ता वापरला गेला. हाच रस्ता ‘द अँडी ग्रिफिथ शो’ या लोकप्रिय विनोदी मालिकेत एका सुखी, निवांत खेड्याचा म्हणून दिसत असे. कर्क आणि ईडिथ फिरताना त्या मालिकेतील फ्लॉइड या न्हाव्याच्या दुकानाची पाटी मागे स्पष्ट वाचता येते. निर्मात्यांच्या दृष्टीने ही नजरचूक. अर्थाच्या दृष्टीने ती एका संहितेत दुसऱ्या संहितेने उमटवलेली खूण आहे. त्या काळचा अमेरिकन प्रेक्षक ज्या रस्त्यावर दर आठवड्याला निष्पाप गावजीवन पाहत होता, त्याच रस्त्यावर अन्नछत्राची रांग आणि एका सज्जन स्त्रीचा मृत्यू घडतो. आंतरसंहितात्मकता केवळ लेखकाच्या स्मरणातून येत नाही; लाकूड, रंग आणि पाट्या यांतूनही ती येऊ शकते, हे या एका चौकटीवरून दिसते.

४

दुसरे कारण वाङ्मयप्रकाराचे होते. मालिका हा प्रकार नायकाच्या टिकाऊपणावर उभा असतो. या आठवड्यात काहीही घडले तरी पुढच्या आठवड्यात कर्क त्याच आसनावर, त्याच अधिकाराने बसलेला दिसला पाहिजे. एलिसन यांच्या शेवटात तो निर्णायक क्षणी हतबल होतो. स्वतंत्र नाटकात हा शेवट शोभला असता. मालिकेत तो पुढील प्रत्येक भागावर सावली टाकणारा ठरला असता. यानावर मादक पदार्थांचा व्यापार चालतो ही कल्पनाही अशीच अडचणीची. भविष्यातील मानव आजच्या विकारांवर मात करून पुढे गेलेला असेल, हा मालिकेचा मूलभूत विचारव्यूह तिने पोखरला असता.

म्हणून दोन स्थानांतरे झाली. दुष्ट बेकविथची जागा सज्जन मॅकॉयने घेतली आणि अडवण्याची कृती स्पॉककडून कर्ककडे आली. या दोन बदलांचा एकत्रित परिणाम नीट तपासला पाहिजे. मूळ संहितेत नैतिक गुंतागुंत व्यक्तींमध्ये आहे : खुनी माणसाच्या ठायी क्षणभर करुणा जागते आणि सच्छील माणूस कर्तव्याला चुकतो. माणसाच्या चांगल्या-वाईटाचे गणित सोपे नसते, ही एलिसन यांची जाणीव तेथे केंद्रस्थानी आहे. प्रक्षेपित भागात व्यक्ती साऱ्याच भल्या आहेत. गुंतागुंत परिस्थितीत आहे. वाचवू पाहणारा वैद्य आहे. त्याची कृती त्याच्या धर्माला अनुसरूनच आहे. जिला वाचवायचे ती निरपराध आहे. आणि तरीही त्या हाताला आवरणे भाग आहे. कोणाचाही अपराध नसताना अनर्थ घडतो. अभिजात शोकात्मिकेच्या अंगाने पाहता दुसरी रचना अधिक कठोर आहे, मनुष्यस्वभावाच्या चित्रणाच्या अंगाने पहिली अधिक सखोल.

कर्कच्या अखेरच्या कृतीविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मूळ पाठात त्याची शोकान्तिका काही न करण्याची आहे. पुनर्लिखित पाठातही तो वरवर काही करत नाही. तो केवळ धरून ठेवतो. परंतु हे धरून ठेवणे हीच त्या भागातील सर्वांत भारी कृती ठरते. मृत्यू पडद्यावर ठळकपणे दाखवला जात नाही. मॅकॉयला कवटाळून पाठ फिरवलेल्या कर्कचा चेहरा दिसतो. मूळ संहितेच्या अखेरीस स्पॉक कर्कचे सांत्वन करतो, आणि तो प्रसंग एलिसन यांच्या लेखनाच्या हळुवारपणाचा उत्तम नमुना आहे. प्रक्षेपित भागात त्याऐवजी कर्क येथून निघण्याचा एक त्रोटक, त्या काळच्या दूरचित्रवाणीला काहीसा उग्र वाटणारा आदेश देतो, आणि भाग संपतो. काव्यात्म समारोपाची जागा वाचा खुंटण्याने घेतली आहे. यातील एक निवड योग्य आणि दुसरी अयोग्य असे म्हणता येत नाही. दोन्ही ठिकाणी विचारपूर्वक निवड झाली आहे, एवढे मात्र निश्चित. आणि दुसरी निवड करणाऱ्यांची नावे श्रेयनामावलीत नाहीत.

अर्थाचा एक थर मात्र कोणाच्याही निवडीचा नव्हता. ४ एप्रिल १९६७ रोजी, प्रक्षेपणाच्या दोनच दिवस आधी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे आपले प्रसिद्ध भाषण केले. शांततेचा आग्रह तत्त्वतः योग्य, पण अवेळी, असा निवाडा देणारा भाग त्याच आठवड्यात घरोघरी पाहिला गेला. चित्रीकरण फेब्रुवारीतच संपलेले असल्याने त्या भाषणाशी त्याचा हेतुतः संबंध असणे अशक्य आहे. तरीही त्या प्रक्षेपणाच्या वेळी ईडिथच्या शांतताविचाराला मिळालेला संदर्भ निर्मात्यांच्या ताब्यातला नव्हता. अवेळी कोण ठरवतो, हा प्रश्न भागाच्या तर्कात सुटलेला आहे, कारण तेथे भविष्य आधीच ठाऊक आहे. प्रेक्षकाच्या जगात तो सुटलेला नव्हता.

५

रोलाँ बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो १९६७ मध्येच. मिशेल फूको यांनी ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न १९६९ मधील व्याख्यानात मांडला. मराठीत संरचनावादोत्तर विचारांची चर्चा करताना या दोन लेखांचा उल्लेख जवळपास अनिवार्य ठरतो. प्रस्तुत उदाहरण या दोन्ही भूमिकांना वरकरणी पुष्टी देते. अनेक हातांनी विणलेली, कोणा एकाच्या हेतूत न सामावणारी संहिता म्हणजे बार्थ यांच्या कल्पनेतील संहितेचे जणू प्रात्यक्षिकच.

परंतु तपशील पाहू लागल्यावर ही पुष्टी डळमळते. पुनर्लेखन पाहून एलिसन यांनी आपले नाव काढून ‘कॉर्डवेनर बर्ड’ हे टोपणनाव लावावे अशी मागणी केली. आपल्या लेखनाची मोडतोड झाली असे वाटले की ते हे नाव वापरत. त्यामुळे ते नाव म्हणजे उघड निषेध होता. रॉडनबेरी यांनी मागणी मान्य केली नाही. म्हणजे येथे लेखक स्वतः संहितेतून निघून जाऊ इच्छितो आणि संस्था त्याला जाऊ देत नाही. लेखकाचे नाव हे अर्थाला लगाम घालण्याचे साधन आहे, ही फूको यांची मीमांसा येथे अपुरी पडते. नाव हे बाजारातील मूल्यही आहे, आणि त्या मूल्यावर नावाच्या धन्याचाच अधिकार चालेल असे नाही.

नावाची दुसरी बाजू फोन्टाना यांच्या संदर्भात दिसते. त्यांचे नाव डोरोथी; स्त्री म्हणून लेखन आधीच बाजूला पडू नये यासाठी त्या आद्याक्षरे वापरत. एका लेखकाला नाव लपवू दिले जात नाही आणि दुसऱ्या लेखिकेला लपवल्यावाचून गत्यंतर नसते. एकाच संहितेवर काम केलेल्या दोघांची ही स्थिती आहे. १९९६ मध्ये एलिसन यांनी मूळ संहिता, तिचे आराखडे आणि आपली प्रदीर्घ, संतप्त प्रस्तावना पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातील उत्तरलेखांमध्ये फोन्टाना यांचाही लेख होता, आणि पुनर्लेखनातील स्वतःचा वाटा त्यांनी त्यात उघडपणे मांडला. जवळजवळ तीस वर्षे या भागातील त्यांचे काम अनामिक राहिले होते.

लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त ग्रंथनिष्ठ साहित्यव्यवहारात मुक्तिदायक ठरला, कारण तेथे लेखकाची सत्ता आधीपासून दृढ होती. ज्या व्यवहारात लेखक हा वेतन घेणारा कारागीर असतो, तेथे हाच सिद्धान्त स्टुडिओच्या सोयीचा ठरू शकतो. २००९ मध्ये एलिसन यांनी या भागावर आधारित पुस्तके व वस्तूंच्या उत्पन्नातील वाट्यासाठी सीबीएस पॅरामाउंटविरुद्ध दावा दाखल केला. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला. लेखकत्व हा येथे केवळ अर्थनिर्णयनाचा प्रश्न नाही. तो श्रमाचा आणि मोबदल्याचा प्रश्न आहे. सामूहिक निर्मिती म्हणजे लेखकविहीन निर्मिती असे मानले की ज्यांचे हात त्या निर्मितीत गुंतले होते ते दुसऱ्यांदा पुसले जातात. ‘लेखक कोण?’ हा प्रश्न टाकून देण्याऐवजी ‘कोणती निवड कोणाची?’ असा तो सूक्ष्म करून विचारणे, हाच येथे समीक्षेचा मार्ग आहे.

६

या दृष्टीने भागातील एक प्रसंग विशेष बोलका आहे. स्पॉक १९३० मधील रेडिओचे सुटे भाग जुळवून एक यंत्र बनवतो आणि त्यावर नोंदलेला इतिहास वाचतो. त्याला एकाच स्त्रीविषयी दोन वृत्ते सापडतात : एकात १९३० मध्ये रस्त्यावरील अपघातात तिचा मृत्यू, दुसऱ्यात १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षांशी तिची भेट. परस्परविरोधी दोन पाठ एकाच साधनावर उमटतात आणि ते यंत्र जळून जाते. स्पॉकला एक पाठ खरा मानून दुसरा नाहीसा होऊ द्यावा लागतो, कारण कथेतील इतिहास एकच असू शकतो.

पाठचिकित्सेच्या भारतीय अभ्यासकाला हा पेच ओळखीचा वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही असंख्य पाठभेदांतून एक पाठ निवडला गेला. परंतु इतर पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले गेले. निवड म्हणजे नाश नव्हे, हे त्या पद्धतीचे शील आहे. एलिसन यांची मूळ संहिता १९७६ मध्ये एका नाट्यसंग्रहात, १९९६ मध्ये स्वतंत्र पुस्तकात आणि २०१४ मध्ये चित्रकथेच्या रूपात वाचकांसमोर आली. दोन्ही पाठ आज उपलब्ध आहेत. ‘मूळ श्रेष्ठ की प्रक्षेपित श्रेष्ठ’ या वादात एकाचा बळी देण्याचे समीक्षेला कारण उरलेले नाही.

दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की एक हरवलेले पात्र पुन्हा सापडते. मूळ संहितेतील ट्रूपर बेकविथच्या हातून मरतो. त्याच्या मरणाने काळाच्या प्रवाहात काहीच फरक पडत नाही, आणि हे कर्कच्या मनाला लागते : इतिहासाने ज्याची नोंदही घेतली नाही अशा माणसाचे मोल काय? प्रक्षेपित भागात ट्रूपर नाही. मात्र एक भणंग माणूस मॅकॉयचे शस्त्र चोरतो, ते चालवून पाहतो आणि क्षणात नाहीसा होतो. त्याच्याविषयी पुढे कोणीही काही बोलत नाही. इतिहासही बदलत नाही. ट्रूपरचा प्रश्न येथे विचारला जात नाही, पण त्याची जागा रिकामी दिसते.

ईडिथच्या जगण्या-मरण्यावर विश्वाचे भवितव्य अवलंबून असल्याने तिच्यासाठी सारी कथा थांबते. या माणसासाठी कोणी थांबत नाही. अनेक हातांनी घडलेल्या संहितेचा अभ्यास करणाऱ्याने त्याच्यासाठी थांबायला हवे. पाठ शेजारी ठेवून वाचण्याचे प्रयोजन एवढेच, की ज्यांची नोंद राहिली नाही त्यांच्या खुणा त्यामुळे दिसू लागतात.